घरचे पाणी, घरचे यंत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी तरी जाणत्या बाई येऊन आपल्याला चार उपदेशाच्या गोष्टी सांगतात. यंदा अध्यक्षाबाईंनी ठरवले की, पाहुण्या नकोत, आपल्यातलीच एकजण उभी राहील आणि आपल्या हातचे एखादे काम सांगेल. ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत बोलण्याची मला सवय नाही. पण ओट्यावरचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, ज्याला आपण सगळ्या आरओ म्हणतो, ते गेली पाच वर्षे मी स्वतः चालवते, स्वतः धुते आणि त्याची वही ठेवते. तेव्हा तेवढ्यापुरते दोन शब्द बोलायला हरकत नाही, असे मला वाटले.

वाघोलीच्या बायकांना पाण्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. टँकर आला की हातातली पोळी तव्यावर टाकून धावणाऱ्या आपण. ३० जून २०२१ रोजी आपले गाव पुणे महापालिकेत गेले, नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या; पण पुष्कळ घरांचा भार अजून टँकरवर आणि बोअरवरच आहे. शेजारी दगडखाणी आहेत, त्यावरूनच जमीन कशी आहे ते कळते. खाली सगळा काळा पाषाण. त्याच्या भेगांतून झिरपत, मुरत पाणी बोअरमध्ये येते, ते येताना दगडातले क्षार बरोबर घेऊन येते. म्हणून हे पाणी जड.

जड पाणी ओळखायला यंत्र लागत नाही. साबणाला फेस येत नाही. चहाच्या भांड्याला पांढरे पुट चढते. तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी टचटचीत राहते आणि आपण दोष दुकानदाराला देतो. माझ्या सासूबाई गावाकडे डाळीसाठी मुद्दाम ओढ्यापलीकडच्या विहिरीची घागर आणीत. त्यांना क्षार हा शब्द ठाऊक नव्हता, पण कोणत्या विहिरीवर डाळ शिजते ते ठाऊक होते. भगिनींनो, मला आज मुख्य सांगायचे ते हेच. आधी आपले पाणी ओळखावे, मग यंत्राकडे वळावे. यंत्र आणले म्हणजे पाण्याची काळजी मिटली असे होत नाही, ती फक्त वेगळ्या ठिकाणी जाऊन बसते.

आता हे यंत्र करते काय? आपल्याकडे पूर्वी तिवईवर तीन घागरी ठेवून पाणी गाळीत. एकीत वाळू, एकीत लोणारी कोळसा, आणि सर्वांत खाली स्वच्छ पाणी. यंत्रातली पहिली दोन गाळणी म्हणजे त्याच दोन घागरी. पहिली पांढऱ्या दोऱ्याच्या गुंडाळीसारखी दिसते, ती माती आणि गाळ अडवते. दुसरीत कोळसा असतो, तो वास आणि क्लोरीन काढतो. नवे आहे ते तिसरे. ते म्हणजे पडदा, ज्याला मेंब्रेन म्हणतात. कागदासारखा पातळ पडदा सुरळी करून नळीत बसवलेला असतो. त्यातून पाणी जाते, पण त्यात विरघळलेले क्षार बहुतेक सगळे अलीकडेच राहतात.

हे कसे घडते, ते कैरीवरून समजावून घेता येते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. फोडीतले पाणी खारट बाजूला ओढले जाते. उलट, मनुका साध्या पाण्यात टाकल्या तर फुगतात, कारण आतल्या गोडव्याकडे पाणी जाते. पाण्याचा स्वभावच असा की, पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जायचे. यंत्रातला पंप खारट बाजूला जोराने दाबतो आणि पाण्याला उलट दिशेने, म्हणजे खारट बाजूकडून गोड्या बाजूकडे जायला लावतो. उलट जायला लावायचे म्हणूनच नावात रिव्हर्स हा शब्द आहे. हे काम होऊ शकेल असा पडदा १९६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तयार केला. सौरीराजन हे मूळचे आपल्या भारतातले. पुढे १९६५ मध्ये त्याच प्रांतातल्या कोलिंगा या खाऱ्या पाण्याच्या गावाला अशा पडद्याचे पाणी मिळू लागले. म्हणजे ज्या गावाचे पाणी पिण्याजोगे नव्हते, त्या गावासाठी ही युक्ती कामाला आली. हे लक्षात ठेवावे, कारण जिथे पाणी मुळात गोडे आहे तिथे ही युक्ती लावण्याचे कारण नाही.

पाणी किती खारट आहे ते मोजायला एक पेनाएवढा मीटर मिळतो, त्याला टीडीएस मीटर म्हणतात. किंमत काहीशे रुपये. वाटीभर पाण्यात टोक बुडवले की आकडा दिसतो. एका लिटरमध्ये इतके मिलिग्रॅम क्षार, असा त्याचा अर्थ. भारतीय मानक ब्युरोच्या नियमाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० पर्यंत असावा, आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. माझ्या वहीत टँकरच्या पाण्याला एकदा ६४० लिहिले आहे, एकदा ७१०, आणि आमच्या बोअरला उन्हाळ्यात ११५० लागले. टँकर एकाच ठिकाणी भरत नाही, म्हणून आकडाही एक राहत नाही. धरणाचे नळाचे पाणी आले तर तोच आकडा पुष्कळ खाली येतो.

हा आकडा का पाहायचा? कारण क्षार कमी असलेल्या पाण्याला आरओची गरजच नसते. ते गाळून उकळले तरी पुरे. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही म्हटले होते की, जिथे हा आकडा ५०० च्या आत आहे तिथे आरओ वापरू देऊ नये, कारण त्यात पाणी फार वाया जाते. उलट बोअरचे ११५० चे पाणी कितीही उकळले तरी त्याचे क्षार जात नाहीत. उकळून पाणी आटते आणि क्षार तेवढेच राहतात, म्हणजे ते अधिकच दाट होते. तेव्हा जंतूंचा इलाज वेगळा आणि क्षारांचा वेगळा.

आणि म्हणून मीटरला भुलूही नये. मीटर क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. गटाराचे पाणी मिसळले तरी आकडा चांगला दिसू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पुण्यातच सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडले, हातापायांतली शक्ती जाणारा तो आजार. काही रुग्णांत दूषित अन्नपाण्यातून येणारे कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू मिळाले. तेव्हा महापालिकेने त्या भागातली पाणी विकणारी खासगी आरओ केंद्रे तपासली आणि काही बंद केली. नावात आरओ होते, पाणी दिसायला नितळ होते, तरी काही ठिकाणचे पाणी पिण्यालायक नव्हते. जारवाले पाणी घेणाऱ्या आपल्या बहिणींनी हे विसरू नये.

जंतूंसाठी एक साधी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून एक-दोन दिवस घरातच उबेला ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचा अंश आहे, असे समजावे. खेड्यापाड्यांत जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. त्यांना जे जमते ते आपल्याला न जमायला काय झाले? क्षारांची सविस्तर तपासणी हवी असेल तर राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत.

आता आमच्या घरच्या यंत्राकडे येते. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. भिंतीला भोक पाडायचे नाही, नळाला जोड द्यायचा नाही, अशी घरमालकांची अट. म्हणून ह्यांनी ओट्यावर ठेवायचे, हलवता येण्याजोगे यंत्र आणले. आपल्यात भाडेकरू पुष्कळ आहेत, आज इथे तर उद्या उबाळेनगरला, म्हणून या यंत्राविषयी जरा विस्ताराने सांगते. त्याला मागे एक टाकी असते, तिच्यात आपण हाताने पाणी भरायचे. पुढे दुसरी टाकी, तिच्यात शुद्ध पाणी साठते. वीज लावली की झाले.

या यंत्राची एक खोड ठाऊक असली पाहिजे. भिंतीवरच्या यंत्रातून नको असलेले खारट पाणी नळीने मोरीत जाते. ओट्यावरच्या पुष्कळ यंत्रांत ते परत मागच्याच टाकीत येते. त्यामुळे मागच्या टाकीतले पाणी दर फेरीला अधिक खारट होत जाते. घाईघाईत बायका त्यावरच नवीन तांब्या ओततात आणि टाकी कधी रिकामीच करीत नाहीत. मग पडद्यावर चुन्याचा थर बसतो आणि पाणी येणे मंदावते. मागच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी दर वेळी पूर्ण ओतून टाकावे, टाकी विसळावी आणि मगच नवीन पाणी भरावे. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेले असते, पण ते पुस्तक आपण कपाटात घालून ठेवतो.

आपल्या घरकामाला जशी रोजची, आठवड्याची, सणावाराची अशी वाटणी असते, तशीच यंत्राच्या कामालाही करावी, म्हणजे ओझे वाटत नाही.

रोजचे काम असे. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून भरावे. टँकरचे पाणी गढूळ असेल तर रात्रभर हंड्यात निवळू द्यावे आणि वरचे तेवढे घ्यावे. गरम पाणी कधीही ओतू नये. बंबातले उरलेले कढत पाणीसुद्धा नको, त्याने पडदा कायमचा बिघडतो. यंत्र शेगडीपासून दूर ठेवावे आणि खिडकीच्या उन्हात ठेवू नये, उन्हाने टाकीत शेवाळ धरते. ओल्या हाताने वायरीला हात लावू नये. आणि शुद्ध झालेले पाणी त्या दिवशीच संपवावे. याचे कारण महत्त्वाचे आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेला असतो, तो पाण्याची राखण करतो. यंत्रातला कोळसा तो क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे या पाण्याचा राखणदार गेला. मग ते दोन-तीन दिवस साठवून ठेवले आणि त्यात कोणी ओला हात बुडवला, तर जंतू वाढायला कोण अडवणार? पाण्यात हात न घालता ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे, ही आपल्या आज्यांची शिस्त इथेही लागू आहे.

आठवड्याचे काम तोटीचे. तोटीला सगळ्यांचे हात लागतात, मुलांच्या बाटल्यांची तोंडे लागतात. यंत्र पुसताना तोटीची आतली कड कोणी घासत नाही. दर रविवारी लहान मऊ ब्रशने, उकळून गार केलेल्या पाण्याने ती घासावी. मीटरने दोन आकडे घ्यावेत, भरायच्या पाण्याचा आणि शुद्ध पाण्याचा, आणि तारीख घालून वहीत लिहावेत.

महिन्याचे काम टाक्यांचे. वीज काढावी, दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात. स्वच्छ फडक्याने आतून घासाव्यात. पांढरे पुट असेल तर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व किंवा थोडे व्हिनेगर घालून ते पाणी टाकीत अर्धा तास ठेवावे, मग पुसून दोन-तीनदा विसळावे. ते आंबट पाणी यंत्र चालू करून आत जाऊ देऊ नये. भांड्यांचा साबण नको, त्याचा वास जात नाही. ब्लीचिंग पावडर तर मुळीच नको. क्लोरीन पडद्याचा वैरी, तो पडदा खातो.

आमच्या ओळखीच्या एका घरात यंत्र आणल्यापासून वर्षभर शुद्ध पाण्याची टाकी उघडलीच नव्हती. बाहेरून यंत्र कसे लख्ख! रोज पुसत होत्या. टाकीत बोट फिरवले तर आतून बुळबुळीत. त्या घरात लहान मूल आहे आणि त्याच्या पोटाची तक्रार सारखी चालू असे. ती त्या पाण्यानेच होती असे मी म्हणणार नाही, मी काही डॉक्टर नाही. पण त्या टाकीतले पाणी मी माझ्या मुलांना दिले नसते, एवढे सांगते. त्या वहिनी आता दर महिन्याच्या एक तारखेला टाकी धुतात.

वर्षाचे काम गाळण्यांचे. आपल्याकडच्या गढूळ पाण्याला पहिले गाळणे तीन ते सहा महिन्यांत बदलावे लागते. ते तांबूस, चिकट झालेले डोळ्यांनीच दिसते. कोळशाचे सहा महिने ते वर्ष. पडदा नीट जपला तर दोन-तीन वर्षे जातो, जड पाण्याला कमी. यंत्रात जंतू मारणारा यूव्हीचा दिवा असेल तर तो साधारण वर्षाने बदलावा. दिवा पेटलेला दिसला म्हणजे त्याचा जोर शाबूत आहे असे नव्हे. नवीन गाळणे बसवल्यावर पहिल्या दोन टाक्यांचे पाणी पिऊ नये, फरशीला वापरावे.

पडदा गेला हे कसे ओळखावे? इथे वही कामी येते. आमच्याकडे नव्या पडद्याला ६४० चे पाणी ६० होऊन येत होते. म्हणजे दहा हिश्शांतले नऊ हिस्से क्षार अडत होते. पुढे ते ८० झाले, मग ९५. तीन वर्षांनी तितक्याच खारट पाण्याला १३० आले, म्हणजे पाचांतले चारच हिस्से अडू लागले. तेव्हा मी पडदा बदलून घेतला. वही नसती तर एक तर लवकर बदलून पैसे घालवले असते, नाही तर उशिरा बदलून तब्येत.

कोणी म्हणतील, आकडा जितका कमी तितके चांगले. तसे नाही. अगदी दहा-वीसवर आलेले पाणी बेचव लागते, आणि पाण्यातून मिळणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यात राहत नाही. म्हणून काही यंत्रांत क्षार वाढवायचा स्क्रू असतो. तो फिरवल्यावर थोडे पाणी पडदा चुकवून सरळ पुढे येते. बोअरच्या पाण्याला तो फार मोकळा सोडू नये. पडदा चुकवणाऱ्या पाण्याबरोबर जे अडवायचे तेही पुढे येते.

गावी पंधरा दिवस जायचे असेल तर वीज काढून दोन्ही टाक्या रिकाम्या करून कोरड्या पुसाव्यात. पडद्याची नळी मात्र उघडू नये, एकदा भिजलेला पडदा वाळला की निकामी होतो. परत आल्यावर टाक्या धुवाव्यात, आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांचे पाणी सोडून द्यावे. वीज गेली तर खोळंबा नको म्हणून एक कळशी उकळलेले पाणी घरात असावेच. खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि झाकून गार करावे.

आता विकणारे आणि दुरुस्त करणारे यांच्याविषयी. गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या इमारतीत एक विक्रेता आला. सगळ्या बायका जिन्यात जमल्या. त्याने दोन पेल्यांत पाणी घेतले, एकात आमचे आणि एकात त्याच्या यंत्राचे. दोन्हींत लोखंडी कांड्यांचे एक यंत्र बुडवले आणि वीज लावली. पाहता पाहता आमचे पाणी तांबडे-काळे झाले, वर फेस आला. त्याचे पाणी तसेच नितळ. काकूंनी तर तोंडाला पदर लावला. तो म्हणाला, "हे तुम्ही रोज मुलांना पाजता!" माझी मुलगी नववीत आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, हे तिच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे आणि तिने ते मला वाचून दाखवले होते. मी घरातून चिमूटभर मीठ आणले आणि त्याच्या नितळ पाण्यात टाकले. "आता लावा वीज," म्हटले. तो लावीना. मग काकूंनी स्वतःच बटण दाबले, आणि ते पाणीही तसेच तांबडे झाले. तो रंग पाण्यातला नव्हता, कांड्यांच्या लोखंडाचा गंज होता. विक्रेत्याने सामान आवरले. त्या दिवशी दोघीतिघींचे हजारो रुपये वाचले.

म्हणून खरेदी करताना भीतीने करू नये. आधी आपल्या पाण्याचा आकडा घ्यावा. यंत्रावर मानक चिन्ह पाहावे. गाळणी आणि पडदा पुढे कुठे मिळतात, काय किमतीला मिळतात, ते आधी विचारावे. यंत्र स्वस्त आणि गाळणी महाग, असा व्यवहार पुष्कळ असतो. बिल घ्यावे. दुरुस्तीला माणूस आला की आपण दुसऱ्या खोलीत जाऊ नये, समोर उभे राहावे. जुने गाळणे काढून दाखवा म्हणावे, नव्याचे वेष्टन आपल्यासमोर फोडायला लावावे, त्यावर पेनाने तारीख घालावी. जुने गाळणे आपल्यासमोर कापून टाकायला सांगावे, म्हणजे धुऊन दुसऱ्याच्या घरात जाण्याची भीती नाही. "सगळेच बदलावे लागेल" असे तो म्हणाला तर वही पुढे करावी. वही दिसली की बोलणे मऊ होते, हा माझा अनुभव आहे.

शेवटची आणि आपल्या गावाला सर्वांत लागू पडणारी गोष्ट म्हणजे वाया जाणारे पाणी. भिंतीवरचे साधे यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर खारट पाणी बाहेर टाकते. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर शुद्ध पाणी लागते असे धरा. तीनपट सोडले तर रोज ६० लिटर मोरीत, महिन्याला १८०० लिटर. एका इमारतीत अशी २० घरे असतील तर महिन्याला ३६००० लिटर. दहा हजार लिटरचे साडेतीनहून अधिक टँकर, आणि तेही पैसे मोजून घेतलेले! उन्हाळ्यात याच टँकरसाठी आपण एकमेकींशी भांडतो.

ते पाणी धरायला फक्त एक बादली लागते. नळीचे टोक मोरीऐवजी बादलीत सोडावे. हे पाणी घाणेरडे नसते, खारट असते. फरशी पुसायला, संडासात टाकायला, पायपुसणी भिजवायला, खरकटी भांडी पहिल्यांदा धुवायला ते चालते. पिऊ नये, स्वयंपाकात घालू नये. कुंड्यांना रोज घालू नये, मातीत क्षार साठून झाड जळते. तुळशीला तर साधेच पाणी द्यावे. आणि शुद्ध पाणी पिण्याला आणि शिजवण्यालाच वापरावे. भाज्यांची माती धुवायला, पीठ चाळायची चाळणी विसळायला आरओचे पाणी कशाला?

आपल्यात सगळ्यांनाच यंत्र परवडते असे नाही. खाणीवर आणि बांधकामावर राबणाऱ्या बहिणी आपल्या शेजारीच राहतात. त्यांना "आरओ घ्या" असे सांगून भागणार नाही. जंतूंपुरते बोलायचे तर गाळलेले पाणी उकळणे, किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालून अर्धा तास झाकून ठेवणे, हेही उपयोगी आहे. क्षारांसाठी मात्र, दोन ठिकाणचे पाणी मिळत असेल तर मोजून पाहावे आणि कमी आकड्याचे पाणी पिण्यासाठी वेगळे ठेवावे. सासूबाई निराळ्या विहिरीची घागर आणीत, तेच हे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. मंडळाच्या शिलकीतून एक टीडीएस मीटर आणि जंतू तपासायच्या काही बाटल्या घ्याव्यात. दर महिन्याच्या सभेला प्रत्येकीने घरून पेलाभर पाणी आणावे. ते मोजून एका वहीत लिहावे. कोणत्या टँकरचे, कोणत्या बोअरचे, कोणत्या महिन्यात किती. वर्षभरात ती वही भरली की वाघोलीच्या पाण्याची खरी हकीकत आपल्या हातात येईल. महापालिकेच्या कार्यालयात गेल्यावर नुसते "पाणी खराब आहे" असे म्हटले तर कोणी ऐकून घेईल, कोणी घेणार नाही. तारीख-वार आकडे टेबलावर ठेवले तर उत्तर द्यावेच लागेल. वही सांभाळण्याचे काम मी आनंदाने करीन.

भगिनींनो, घरातल्या माणसांच्या पोटात जाणारा प्रत्येक घोट आपल्या हातून जातो. धान्य निवडताना आपण खडा दिसेपर्यंत पाहतो, दूध नासले की वासावरून ओळखतो. पाण्याचा खडा दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, म्हणून त्याच्यासाठी मीटर, वही आणि दर महिन्याचा अर्धा तास एवढे ठेवावे. त्याला सातवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही, हे तुम्ही माझ्यावरूनच पाहता आहात.